बंदोबस्त की सहभाग?

एखाद्या महानगराचा पोलीस आयुक्त राजकीय धरण्यात सहभागी झाला होता की नव्हता, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ भासतो. झाला असेल तर काय मोठेसे बिघडले, आणि झाला नसेल तर एवढा गहजब कशासाठी, असे पुष्कळांना त्या वेळी वाटून गेले. परंतु फेब्रुवारी २०१९ मध्ये कोलकात्याचे तत्कालीन पोलीस आयुक्त राजीव कुमार यांच्याविषयी हाच प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा केंद्रीय गृहमंत्रालय, पश्चिम बंगालचे सरकार आणि सर्वोच्च न्यायालय ही तिन्ही पीठे त्यात ओढली गेली. तक्रार झाली, खुलासा झाला, माफीही मागितली गेली. एवढे सारे होऊनही सामान्य नागरिकाचे समाधान व्हावे असा निवाडा काही हाती आला नाही. माझे प्रतिपादन असे आहे की, प्रश्न अवघड होता म्हणून तो अनिर्णित राहिला नाही. उत्तर मागण्याचा आणि ते पारखण्याचा अधिकार कायद्याने ज्यांच्या हाती होता, तेच धरण्याला बसले होते, म्हणून तो अनिर्णित राहिला.

घटनाक्रम वाचकांच्या स्मरणात असेल; तरीही तो थोडक्यात मांडणे इष्ट. एप्रिल २०१३ मध्ये पश्चिम बंगालमधील शारदा समूहाचा डोलारा कोसळला. मोठ्या परताव्याच्या आमिषाला भुलून लाखो माणसांनी, त्यांत बव्हंशी हातावर पोट असलेल्यांनी, आपली आयुष्यभराची पुंजी त्यात गुंतवली होती. ती बुडाली. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि त्या पथकाच्या कामात राजीव कुमार यांचा प्रमुख वाटा होता. पुढे ९ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीबीआयकडे सोपवला. राज्याच्या पथकाने जमवलेला पुरावा आपल्याला संपूर्ण आणि अबाधित मिळाला नाही, असा सीबीआयचा आरोप होता व त्यासाठी राजीव कुमार यांची चौकशी तिला करायची होती.

रविवार, ३ फेब्रुवारी २०१९ रोजी संध्याकाळी सीबीआयचे पथक कोलकात्यातील लाउडन स्ट्रीटवरच्या आयुक्तांच्या निवासस्थानी जाऊन थडकले. कोलकाता पोलिसांनी त्याला दारातच अडवले आणि त्यातील अधिकाऱ्यांना शेक्सपियर सरणी पोलीस ठाण्यात नेले. काही वेळाने त्यांना सोडण्यात आले. देशाच्या तपास यंत्रणेचे अधिकारी राज्याच्या पोलिसांच्या ताब्यात, असे दृश्य त्या रात्री उभ्या देशाने दूरदर्शन संचावर पाहिले. त्या वेळी मुख्यमंत्रीपदी असलेल्या ममता बॅनर्जी आयुक्तांच्या घरी पोहोचल्या आणि राज्यघटना वाचवण्यासाठी आपण धरणे धरत आहोत, असे त्यांनी तेथेच जाहीर केले. जागा निवडली ती धर्मतला भागातील मेट्रो चॅनेलची. सिंगूरच्या जमिनीच्या प्रश्नावर २००६ मध्ये, विरोधी पक्षात असताना, त्यांनी जेथे दीर्घ उपोषण केले होते तीच.

दुसऱ्या दिवशी, ४ फेब्रुवारीला, राज्य मंत्रिमंडळाची बैठक धरण्याच्या शेजारच्या पोलीस चौकीत झाली. पोलिसांना पदके देण्याचा समारंभही धरण्याच्याच परिसरात पार पडला. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने राजीव कुमार यांना चौकशीसाठी शिलाँग येथे, म्हणजे त्रयस्थ ठिकाणी, हजर राहण्यास सांगितले, मात्र त्यांना अटक करू नये असेही बजावले. दोन्ही पक्षांनी आपलाच विजय झाल्याचे घोषित केले आणि त्या संध्याकाळी धरणे उठले. त्याच दिवशी केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्य सरकारला पत्र पाठवले. राजीव कुमार हे अन्य पोलीस अधिकाऱ्यांसह मुख्यमंत्र्यांच्या धरण्याला बसले होते, हा सेवानियमांचा सकृद्दर्शनी भंग आहे, म्हणून त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू करावी, असा त्या पत्राचा आशय होता.

उत्तर काय आले? मुख्यमंत्र्यांच्या सुरक्षेसाठी व शासकीय कामासाठी पोलीस अधिकारी तेथे होते. धरण्याला ते बसले नव्हते. न्यायालयाच्या अवमानाच्या प्रकरणात राज्याचे मुख्य सचिव, पोलीस महासंचालक आणि स्वतः राजीव कुमार यांनी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात प्रतिज्ञापत्रे दाखल केली. त्यांत त्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि पोलीस अधिकारी धरण्यात सामील झाल्याचा मात्र स्पष्ट इन्कार केला.

आता या उत्तराचा विचार करू. मुख्यमंत्री जेथे जातील तेथे त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी पोलिसांवर येते, हे निर्विवाद आहे. शहराच्या ऐन मध्यभागी, हजारोंच्या गर्दीत मुख्यमंत्री रस्त्यावर बसल्या असताना आयुक्ताने घरी झोपावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तेव्हा आयुक्त तेथे उपस्थित होते, एवढ्यावरून त्यांना दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. परंतु उपस्थिती आणि सहभाग यांत एक रेषा असते, आणि ती रेषा साध्या शिपायालाही ठाऊक असते. बंदोबस्तावरच्या पोलिसाची पाठ मंचाकडे असते आणि तोंड गर्दीकडे. मंचावर कोण काय बोलतो याच्याशी त्याला कर्तव्य नसते. मंचावर दगड येणार नाही आणि मंचावरून चिथावणी मिळाल्याने कोणाच्या दुकानावर दगड जाणार नाही, एवढेच त्याला पाहायचे असते. ही रेषा त्या दोन दिवसांत पाळली गेली का, हा खरा प्रश्न होता.

आणि ती पाळणे शक्य तरी होते का? हे धरणे ज्या कारणासाठी होते ते कारण म्हणजे साक्षात आयुक्तच होते. त्यांच्या दारात सीबीआय आली, म्हणून मुख्यमंत्री रस्त्यावर आल्या. ज्या आंदोलनाचा विषय आपण स्वतः आहोत, त्याचा बंदोबस्त आपणच करायचा, त्याच आंदोलनाच्या आवारात आपल्या सहकाऱ्यांना पदके स्वीकारताना पाहायचे, आणि नंतर आपला त्याच्याशी सुरक्षेपलीकडे संबंध नव्हता असे सांगायचे, हे उत्तर शब्दशः खरे असू शकेल. तरीही ते पुरेसे नाही. न्यायाधीशाच्या आप्ताचा खटला त्याच्यापुढे आला तर तो स्वतः होऊन बाजूला होतो. आपण अन्याय करू अशी त्याला भीती असते म्हणून नव्हे. न्याय झाला असे लोकांना वाटणार नाही, हे त्याला कळते म्हणून. राजीव कुमार यांनीही बंदोबस्ताची सूत्रे दुसऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे देऊन दूर राहणे हाच मार्ग त्यांच्या पदाला शोभला असता.

काही जण म्हणतील, उद्दिष्ट न्याय्य होते. केंद्र सरकार सीबीआयचा हत्यारासारखा वापर करत होते, निवडणुका तोंडावर होत्या, आणि संघराज्याच्या चौकटीला धोका होता. या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये सीबीआयच्या संचालकांना एका मध्यरात्री ज्या रीतीने बाजूला सारण्यात आले, ती रीत कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करणारी होती. त्याआधी २०१३ मध्ये, दुसऱ्या आघाडीचे सरकार असताना, सर्वोच्च न्यायालयानेच या संस्थेला पिंजऱ्यातला पोपट म्हटले होते. पोपटाचा धनी बदलतो, पिंजरा तोच राहतो. परंतु यातून निष्पन्न काय होते? दिल्लीचा पोपट धन्याच्या तालावर बोलतो, म्हणून कोलकात्यानेही आपला एक पोपट पाळावा, हा न्याय झाला काय? राज्यातील राजकीय नेतृत्वाला केंद्राविरुद्ध धरणे धरण्याचा अधिकार आहे. त्या नेतृत्वाच्या बाजूने उभे राहण्याचा अधिकार पोलीस आयुक्ताला नाही. उद्दिष्ट कितीही पवित्र असो. किंबहुना ते जितके पवित्र वाटेल, तितका गणवेशधारी माणसाने त्यापासून अधिक सावध राहावे. कारण प्रत्येक पक्षाला आपले उद्दिष्ट पवित्रच वाटत असते.

दुसरा युक्तिवाद अधिक सूक्ष्म आहे. पोलीस अधिकारी हाही नागरिक आहे. त्यालाही मते आहेत, सदसद्विवेकबुद्धी आहे. तिचा आवाज त्याने दाबून टाकावा काय? मुळीच नाही. बेकायदा हुकूम पाळण्यास नकार देणे हे त्याचे कर्तव्य आहे. पण नकार देणे वेगळे आणि एका पक्षाच्या आंदोलनाला आपल्या पदाचे वजन देणे वेगळे. पहिल्या कृतीत तो कायद्याच्या बाजूने उभा राहतो व त्याची किंमत स्वतः मोजतो. दुसरीत तो सत्तेच्या बाजूने उभा राहतो आणि किंमत इतरांना मोजावी लागते. आपल्या राज्यघटनेने अनुच्छेद ३३ नुसार सशस्त्र दले व पोलीस यांच्या काही मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला, तो उगाच नव्हे. ज्याच्या हाती समाजाने बंदूक दिली, त्याने घोषणा देण्याचा हक्क बाजूला ठेवावा, हा त्यामागील व्यवहार आहे. तो मान्य नसेल त्याला राजीनाम्याची वाट मोकळी आहे. राजीनामा देऊन निवडणूक लढवणारे अधिकारी या देशाला नवे नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. अखिल भारतीय सेवांसाठी १९६८ साली जे वर्तननियम केले गेले, त्यांतील पाचव्या नियमाने अधिकाऱ्याला राजकीय पक्षाशी संबंध ठेवण्यास, तसेच कोणत्याही राजकीय चळवळीत भाग घेण्यास वा तिला साहाय्य करण्यास मनाई केली आहे. नियम स्वच्छ आहे. पण एखादी कृती या मनाईत बसते की नाही अशी शंका आली तर निर्णय कोणी द्यावा? त्याच नियमात उत्तर आहे: सरकारने. आणि राज्यात काम करणाऱ्या अधिकाऱ्याच्या बाबतीत सरकार म्हणजे कोणते, याचेही उत्तर त्याच नियमावलीत आहे: त्या राज्याचे सरकार. शिस्तभंगाची कारवाई सुरू करण्याचा अधिकारही त्याच सरकारचा. म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या धरण्यात पोलीस आयुक्त सहभागी झाले की काय, हे मुख्यमंत्र्यांच्या सरकारने ठरवायचे! दिल्लीहून आलेले पत्र ज्या टेबलावर गेले, ते टेबल दोन दिवसांपूर्वी मेट्रो चॅनेलच्या पदपथावर मांडलेले होते. अशा तक्रारीचे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आणि पत्र पाठवणारे तरी सोवळे होते काय? गृहमंत्रालय हे काही राजकारणाबाहेरचे न्यायपीठ नव्हे. केंद्रात सत्तेवर असलेला पक्ष आणि राज्यात सत्तेवर असलेला पक्ष एकमेकांशी निकराने लढत असताना, त्या लढाईतील एका पक्षाने तक्रार करावी आणि दुसऱ्याने ती निकालात काढावी, अशी ही व्यवस्था. तक्रारदारही पक्षकार, न्यायाधीशही पक्षकार. मधला पोलीस अधिकारी मात्र शिस्त शिकवण्याच्या नावाखाली दोन्हींकडून ओढला जाणारा दोर.

पुढचा इतिहास पाहावा. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी राजीव कुमार यांची आयुक्तपदावरून राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागात बदली झाली. मे महिन्यात, निवडणुकीच्या धामधुमीत, निवडणूक आयोगाने त्यांना त्या पदावरून हटवून दिल्लीला गृहमंत्रालयात हजर होण्यास सांगितले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यांना अटकपूर्व जामीन दिला. कोठडीत घेऊन चौकशी करण्याची गरज न्यायालयाला वाटली नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नमूद केली पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने त्यांना पोलीस दलाच्या सर्वोच्च पदावर नेमले. मार्च २०२४ मध्ये, लोकसभेची निवडणूक जाहीर होताच, निवडणूक आयोगाने त्यांना तेथून दूर केले. आणि निवडणूक आटोपल्यावर, जुलै २०२४ मध्ये, राज्य सरकारने त्यांना पुन्हा त्याच जागी बसवले. या चढउतारांपैकी एकही पायरी धरण्याच्या तक्रारीवरील निवाडा नव्हती. एका हाताने उचलायचे, दुसऱ्या हाताने उतरवायचे, पुन्हा पहिल्याने उचलायचे. हे पाहून दलातील तरुण अधिकारी काय शिकतो? नियम पाळणे वा मोडणे याला फारसे महत्त्व नाही; कोणाच्या हाती आपला दोर आहे, एवढे ओळखले की पुरे.

हा दोष एका व्यक्तीचा वा एका राज्याचा नाही. त्याचे मूळ १८६१ च्या पोलीस कायद्यापर्यंत जाते. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांना हवे होते ते सरकारचे ऐकणारे दल. जनतेला उत्तर देणारे नव्हे. स्वातंत्र्य आले, ध्वज बदलला, पण दलाची रचना बव्हंशी तीच राहिली. १९७७ साली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. आणीबाणीत पोलिसांचा जो राजकीय वापर झाला त्याचे वळ तेव्हा ताजे होते. आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल दिले आणि ते कपाटात गेले. मग प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, न्यायालयाने निर्देश दिले: राज्य सुरक्षा आयोग स्थापन करा, म्हणजे सरकारला पोलिसांवर अवाजवी दबाव आणता येणार नाही, महासंचालकाला किमान दोन वर्षांची मुदत द्या, बदल्या-बढत्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ नेमा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात व जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण उभारा. राज्यांनी काय केले? कोणी टाळाटाळ केली, कोणी नावापुरते आयोग नेमले, कोणी घाईने स्वतःचा कायदा करून निर्देशांतील प्राण काढून घेतला. या एका बाबतीत सर्व पक्षांचे आश्चर्यकारक एकमत आहे.

हे सारे कोलकात्याचे, आपल्याला त्याचे काय, असे महाराष्ट्रातील वाचकाने म्हणू नये. पोलीस एका बाजूचा आहे असा समज समाजात रुजला की काय घडते, हे आपण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत पाहिले आहे. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली दिलेल्या अहवालात पोलिसांमधील पक्षपाती वृत्तीवर स्पष्ट बोट ठेवले आणि काही अधिकारी व शिपायांवर नावानिशी ठपका ठेवला. धरण्यात कोण कोठे बसले आणि दंगलीत कोण कोणाच्या मदतीला गेले नाही, या दोन गोष्टी एकाच तागडीत तोलता येत नाहीत, हे मी जाणतो. पण त्यांचे बीज एक आहे. आपल्या गणवेशाला बाजू असू शकते, हा विचार पोलिसाच्या मनात प्रथम शिरतो तो निरुपद्रवी रूपातच. मंचाजवळच्या खुर्चीच्या, हाराच्या, छायाचित्राच्या रूपात.

आणि येथे मला आपल्या लोकांशीही दोन शब्द स्पष्ट बोलायचे आहेत. कोलकात्याच्या आयुक्तावर आपण टीका करू. पण आपल्या गावात आपण काय करतो? आपल्या मागणीच्या मोर्चात स्थानिक पोलीस अधिकारी हसतमुखाने चार पावले चालला की आपली छाती फुगते. साहेब आपले आहेत, असे आपण अभिमानाने सांगतो. साहेब आपले असता कामा नयेत! आज जे आपले झाले ते उद्या दुसऱ्याचे होतील, कारण आपलेपणाची गोडी त्यांना आपणच लावली. सणाच्या मिरवणुकीला येणारा हवालदार रहदारी थांबवतो आणि रस्ता मोकळा करून देतो. त्याने मिरवणुकीत सामील व्हावे असे आपण म्हणत नाही. हेच शहाणपण राजकीय मोर्चाच्या वेळी कोठे जाते? संख्येने थोडक्या असलेल्या समाजाला तर निःपक्षपाती पोलिसाची गरज सर्वांत अधिक. ज्यांची संख्या मोठी, त्यांना पोलीस आपल्या बाजूला वळवता येतो. ज्यांची थोडी, त्यांना कायद्याखेरीज वाली नसतो.

मग करावे काय? पहिली गोष्ट, पोलीस अधिकाऱ्याच्या राजकीय सहभागाची तक्रार त्याच्या सरकारकडे जाण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. तक्रार प्राधिकरणांचा भर आज कोठडीतील मृत्यू, गंभीर इजा अशा अपराधांवर आहे, आणि तो योग्यच आहे. पण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या राजकीय वर्तनाच्या तक्रारीही निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील अशाच स्वतंत्र पीठापुढे जाव्यात, ठरावीक मुदतीत त्यांची सुनावणी व्हावी आणि निवाडा कारणांसह प्रसिद्ध व्हावा. दुसरी गोष्ट, वर्तननियमांतील शंकेचा निर्णय सरकारने द्यावा ही तरतूद बदलली पाहिजे. तिसरी, ज्या आंदोलनाशी अधिकाऱ्याचा व्यक्तिगत संबंध पोहोचतो, त्याच्या बंदोबस्तापासून त्याने लेखी नोंद करून दूर राहावे, असा सक्त नियम हवा. यांपैकी एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. लागते ती सत्ताधाऱ्यांनी हातातला दोर सोडण्याची तयारी.

अशा व्यवस्थेत राजीव कुमार कदाचित पूर्ण निर्दोष ठरले असते. आपण तेथे कर्तव्य म्हणून उभे होतो, हे त्यांचे म्हणणे साक्षीपुराव्यांनी सिद्ध झाले असते आणि त्यांच्या नावावरचा डाग कायमचा पुसला गेला असता. स्वतंत्र चौकशी ही केवळ तक्रारदाराची ढाल नसते. प्रामाणिक अधिकाऱ्याचीही तीच ढाल असते. आपल्या व्यवस्थेने त्यांना ती दिली नाही आणि त्यांच्या विरोधकांनाही दिली नाही. आता जो तो आपापल्या पक्षाप्रमाणे त्यांना दोषी वा निर्दोष मानतो. पोलीस आयुक्ताचा खरेखोटेपणा ज्या देशात पक्षाच्या चष्म्यातून ठरतो, तेथे रात्री-अपरात्री पोलीस ठाण्याची पायरी चढणारी एकटी विधवा कोणत्या विश्वासाने ती चढेल, याचा विचार दिल्लीने करावा, कोलकात्याने करावा आणि मुंबईनेही करावा.